चिरेखाणीतला ओढा आणि वाळुंजाचे खुंट

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते आणि खानापूरवरून पुढे सौंदत्तीच्या धरणाकडे जाते. वाटेत तिला कितीतरी ओढे मिळतात. हे प्रकरण त्यातल्या एका ओढ्याचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण जमिनीचा एक प्रश्न अजून सुटायचा आहे. मी त्या कामात पहिल्या दिवसापासून होतो. चुकीच्या निर्णयांतही होतो.

आमच्या भागात घर म्हणजे चिऱ्याचं घर. चिरा म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभ्याला १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने लॅटेराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. नाव चपखल आहे. जमिनीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीनेही चिरा घडवता येतो, आणि वारा-ऊन लागलं की तो टणक होत जातो. घर बांधायला हाच गुण कामी येतो आणि खाण बंद झाल्यावर हाच गुण झाडांच्या मुळावर उठतो. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ओढ्याच्या डाव्या काठाला अडीचेक एकरात ही खाण होती. अर्धी जमीन खाजगी, अर्धी गायरान. आधी मजूर हाताने चिरे काढत, पुढे कापायची मशीन आली. मशीन आल्यावर चार-पाच वर्षांत खाण ओढ्याला येऊन भिडली. वरची तांबडी माती आणि फुटक्या चिऱ्यांचं डबर टाकायला जवळची जागा म्हणजे ओढ्याचा काठ, म्हणून ढीग तिथेच पडले. काठावरचे करंज आणि उंबर ट्रकच्या वाटेसाठी गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरखालच्या लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असा निर्णय दिला. त्यानंतर या खाणीचे कागद जुळेनात आणि दोन वर्षांत ती बंद पडली. खाणवाला गेला, ढीग राहिले.

अडचण

तक्रार झाडांबद्दल नव्हती, भाताबद्दल होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला वीसेक घरांची भातशेती आहे. दर पावसाळ्यात ढिगांची माती वाहून येई, पाट बुजे आणि लावणीच्या वेळी खाचरात बोटभर तांबडा गाळ बसे. जांभ्याच्या गाळात पिकाच्या कामाचं फारसं काही नसतं. त्यातलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतं, पिकाला ते मिळत नाही. एका शेतकरी मामांनी मला बांधावर उभं करून दाखवलं होतं: वरच्या खाचरातलं भात पोटरीला आलेलं आणि पाटाच्या तोंडाशी असलेलं त्याच दिवशी लावलेलं भात अजून वीतभर, पिवळं.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्वी हा ओढा मार्चअखेरपर्यंत झुळझुळत असे, असं सगळे म्हातारे सांगतात. आता जानेवारीतच डबकी उरत. सावली गेली, काठ उघडे पडले आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं सोडून एका तासात वाहून जाऊ लागलं. तिसरी अडचण खड्ड्याची. बारा-पंधरा फूट खोल, उभ्या भिंतींचा खड्डा पावसाळ्यात भरतो आणि त्यात म्हशी नि पोरं दोघंही उतरतात. आयाबायांना सगळ्यात मोठी काळजी त्याचीच होती.

२०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही सात-आठ जण या कामाला लागलो. त्यात दोन शिक्षक होते, एक निवृत्त लाइनमन, महिला संघाच्या तिघी आणि मी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. जागा सोडली की निसर्ग आपोआप भरून काढतो, असं म्हणणारे बरेच होते. पण बंद पडून चार वर्षं झालेल्या त्या ढिगांवर तोवर फक्त रानमोडी आणि घाणेरीची तणं उगवली होती. दुसरा पर्याय म्हणजे खड्डा बुजवून सगळी जागा सपाट करायची आणि आकाशिया किंवा निलगिरी लावायची. ती भराभर वाढतात, गुरं खात नाहीत, पाच-सात वर्षांत लाकूड विकता येतं. खाजगी जमिनीच्या मालकाचा कल तिकडे होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित माझाही असता. तिसरा पर्याय काठावर पूर्वीची झाडं परत आणण्याचा.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. चर्चा मराठीत, ठराव कानडीत, आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी तो वाचून पुन्हा मराठीत समजावला. ठरलं ते असं: ओढ्याच्या पाण्यापासून तीस पावलं आत देशी झाडं लावायची आणि त्यापलीकडे मालकाने काजू किंवा हवं ते करावं. मालकाने तोंडी होकार दिला. तो होकार त्याच दिवशी कागदावर घ्यायला हवा होता. आम्हाला वाटलं, गावातला माणूस आहे, कागद मागितला तर वाईट दिसेल.

खड्ड्याबद्दल मात्र चांगला निर्णय झाला. तो न बुजवता एका बाजूची भिंत तोडून उतार करायचा, म्हणजे पाणीही साठेल आणि पडलेलं माणूस-जनावर चढून वर येईल. भिंत तोडून निघालेलं डबर पुढे काठाच्या बांधांना आलं.

पहिलं वर्ष: सपाटीकरण आणि लावणी

२०१९ च्या एप्रिलमध्ये जेसीबी आणलं. ढीग पसरवून काठ सारखा केला. चालक कसबी होता. त्याने बकेटच्या पाठीने चोपून चोपून जागा अशी गुळगुळीत केली की पोरांनी तिथे क्रिकेट सुरू केलं. आम्हाला फार समाधान वाटलं. मी फोटो काढले.

जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाल्यावर रोपं लावली. सरकारी रोपवाटिकेतून जांभूळ, अर्जुन, बांबू आणि थोडी करंजाची रोपं मिळाली. हजाराच्या वर होती. शाळेची मुलं आली, महिला संघ आला, एका दिवसात काम संपलं. पाण्याच्या कडेपासून वरच्या टोकापर्यंत सगळीकडे सारखेच खड्डे, सारखंच अंतर, सारखीच रोपं.

ऑगस्टात महापूर आला. २०१९ चा तो पूर बेळगाव जिल्ह्यातलं कोणी विसरणार नाही. आमच्या ओढ्याने खालच्या दोन ओळी मुळासकट नेल्या. चोपलेली माती खवले निघावेत तशी थराथराने निघाली आणि थेट त्याच भातखाचरांत गेली. ज्यांच्यासाठी काम सुरू केलं, त्यांच्याच शेतात आमची माती. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

वरच्या ओळी वाचल्या होत्या. त्या मार्चपासून वाळायला लागल्या. लॉकडाऊनमुळे पहिले काही आठवडे पाणी घालायला कोणाला जाता आलं नाही. तेव्हा सगळा दोष आम्ही पाण्यालाच दिला.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस मी एकटाच गेलो आणि वाळलेलं जांभळाचं एक रोप उपटायला ओढलं. ते सहज आलं. मूळ माझ्या हातात होतं आणि त्याला आमच्या खड्ड्याचा आकार होता. फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घेतला होता, त्याच्या भिंतीला लागून मुळं गोल गोल फिरली होती, मडक्यात वाढल्यासारखी. एकही मूळ भिंत फोडून बाहेर गेलं नव्हतं. खड्ड्याच्या तळाला कुदळ मारली तर ती टणकन उडाली. आणखी सात-आठ रोपं काढली. सगळ्यांचं तेच. आम्ही हजार झाडं हजार कुंड्यांत लावली होती.

थांबून पुन्हा विचार

त्या संध्याकाळी निवृत्त लाइनमन तात्यांनी एक साधी गोष्ट केली. सपाट केलेल्या जागेत हातभर खड्डा घेऊन बादलीभर पाणी ओतलं, आणि तेवढाच खड्डा वरच्या रानात जुन्या करंजाखाली घेऊन तिथेही ओतलं. करंजाखालचं पाणी आम्ही चहा पिईपर्यंत मुरलं. खाणीतलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच होतं, वर मुंग्या तरंगत होत्या. जमीन झाड लावायच्या लायकीची आहे का हे तपासायला याहून महाग काही लागत नाही. आम्ही ते आधी केलं नव्हतं.

मग वाचन सुरू केलं. जांभ्याच्या खाणीबद्दल फारसं सापडलं नाही, कोळशाच्या खाणींबद्दल खूप सापडलं. अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन डोंगरात उघड्या कोळसा खाणी आहेत. १९७७ साली तिथे कायदा झाला की खाण संपल्यावर जमीन जवळजवळ मूळ आकारात आणून हिरवी करायची. कंपन्यांनी अवजड मशिनी फिरवून जमीन चोपली, माती वाहू नये म्हणून दाट गवत पेरलं, आणि कायदा पाळला. पण तिथे जंगल परत येईना. चोपलेल्या मातीत मुळं शिरत नव्हती आणि गवत रोपांचं पाणी नि ऊन खात होतं. पुढे तिथल्या संशोधकांनी आणि वनवाल्यांनी पद्धतच उलटी केली. वरची चार फूट तरी माती मोकळी ठेवायची, मशीन कमीत कमी फिरवायचं, गवत विरळ आणि ठेंगणं पेरायचं, आणि जलद वाढणाऱ्या झाडांबरोबर सावकाश वाढणारी जंगली झाडंही लावायची. २००४ पासून तिथल्या राज्यांनी मिळून ही पद्धत पसरवली.

ते वाचताना आमच्याच जेसीबीचा आवाज कानात आला. तिथली माती वेगळी, झाडं वेगळी. कोळशाच्या खाणीत गंधकाच्या खनिजांमुळे ओढ्यात आम्ल पाणी उतरतं, तो त्रास जांभ्यात नाही. पण चूक तीच होती. नीटनेटकं दिसावं म्हणून जमीन मारली होती.

इथे पुन्हा एकदा निर्णयाची वेळ आली. लॉकडाऊनमुळे गोव्यातून, पुण्यातून पोरं गावी परतली होती, हाताला काम हवं होतं. रोजगार हमीतून काठाचं काम मंजूर होण्यासारखं होतं. पण रोजगार हमीत माणसांची जागा घेणारं मशीन चालत नाही, आणि ही जमीन कुदळीने फुटणारी नव्हती. काही जण म्हणाले, आहे तशीच जमीन घेऊ, खड्डे मोठे करू, मजुरी तर मिळेल. मी जवळजवळ तयार झालो होतो. महिला संघातल्या अक्कांनी हाणून पाडलं. त्या म्हणाल्या, “मडकं मोठं केलं म्हणून त्याची जमीन होतंय काय?”

शेवटी काम दोन भागांत तोडलं. जमीन फोडायचं मशीन लोकवर्गणीतून आणि गणेश मंडळाच्या शिल्लक पैशांतून आणलं. दगडी बांध, खड्डे आणि राखण रोजगार हमीतून.

दुसरी सुरुवात

२०२० च्या मे महिन्यात पोकलेन आलं. बकेट काढून एकच लांब दात लावला आणि उताराला आडव्या, समपातळीत तीन-तीन फूट खोल चरे मारले. हे काम जमीन पूर्ण वाळलेली असतानाच करायचं. वाळलेली जमीन तडकते आणि भेगा दूरवर जातात. ओल्या जमिनीत दात नुसता चिखल चोपडत जातो आणि भिंती आणखी घट्ट होतात. चालकाला सांगितलं, परत फिरून सपाट करू नकोस. तो दोनदा विचारून गेला. चांगलं काम करणाऱ्या माणसाला असं उंचसखल काम टाकून जाणं जड जातं, हे मला समजत होतं.

एका जागी मशीन गेलं नाही. मालकाच्या जुन्या छपराजवळ चिरे रचून ठेवले होते, त्यामुळे तो कोपरा तसाच चोपलेला राहिला. तेव्हा मी वैतागलो होतो. पुढे त्या कोपऱ्याने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं.

आणखी एका ठिकाणी मशीन थांबवलं, ते मात्र शिक्षिकाबाईंनी. खाणीच्या वरच्या टोकाला न खणलेला कातळाचा एक तुकडा होता. आम्ही त्यावर माती टाकून झाडं लावणार होतो. बाई म्हणाल्या, पावसात येऊन बघा. खरंच, जुलै-ऑगस्टात त्या कातळावर गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेच्या आसवांची निळी फुलं येतात. तिथे झाड नाही म्हणून जागा बिघडलेली नाही, ती तशीच असते. तो तुकडा वगळला.

मग आम्ही ओढ्याच्या उगमाकडे चालत गेलो. तीनेक किलोमीटरवर ओढा अजून सावलीत आहे. अक्कांनी काठी घेतली आणि पाण्यापासून किती उंचीवर काय उभं आहे ते दाखवत गेल्या. पाण्यातच, खडकांच्या फटीत शेरणीची झुडपं. तिच्या कडेला लव्हाळा. पुराचं पाणी दरवर्षी लागतं त्या पट्ट्यात वाळुंज (विलो), निरगुडी आणि पाणजांभूळ. त्याच्या वर करंज आणि उंबर. पूर क्वचित पोचतो तिथे ताम्हण, अर्जुन, जांभूळ, बेहडा. आम्ही पहिल्या वर्षी जांभूळ पाण्याच्या कडेला लावलं होतं आणि वाळुंज अजिबात लावला नव्हता, कारण तो रोपवाटिकेत मिळत नाही. वाळुंज कोणी विकत नाही. त्याची फांदी तोडून खोचायची असते.

वेळही बदलली. वरच्या पट्ट्यात जूनमध्येच लावायचं. जांभळाचं बी आठ-दहा दिवसांत मरतं, म्हणून पोरांनी खाऊन टाकलेल्या बिया त्याच आठवड्यात चऱ्यांमध्ये टोकल्या. करंजाच्या बिया उन्हाळ्यात गोळा केल्या होत्या, त्या सरळ पेरल्या. पिशवीतलं रोप लावण्यापेक्षा टोकलेलं बी बरं, कारण त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं. करंज हवेतला नत्र मातीत आणतो, म्हणून तो सगळीकडे विखरून टाकला. प्रत्येक आळ्यात शेणखत आणि जुन्या करंजाखालची दोन ओंजळी माती घातली. त्या मातीत मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी असते, आणि जांभ्यात तिच्यावाचून निभाव लागत नाही.

खालच्या पट्ट्याला मात्र पावसाळ्यात हात लावला नाही. पूर येऊन जाऊ दिला. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी उतरल्यावर, वाळुंजाची पानं गळायला लागतात तेव्हा, उगमाकडच्या झाडांच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या आणल्या. अक्का एकेका फांदीला खालून तिरका काप देत आणि शेंड्याच्या टोकाला ओली तांबडी माती थापत. मी विचारलं, कशासाठी? “उलटा लावशीला तर मेला. तांबडं वर, मग चुकायचं न्हाई.” त्या दिवशी शाळेच्या मुलांनी शेकडो खुंट खोचले. पहारीने आधी भोक पाडायचं, खुंट दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर, टोक ओलीपर्यंत पोचलंच पाहिजे, आणि बाजूने पायाने दाबायचं. पायथ्याशी डबराची ओळ रचली आणि मध्ये वाळा लावला.

गुरांचा प्रश्न

इथे सगळं मोडलं असतं. गवळी धनगरांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या याच जागी पाण्याला उतरतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना न विचारता काट्याचं कुंपण घातलं होतं आणि ते महिनाभर टिकलं. दुसऱ्या वेळी त्यांच्या वस्तीवर गेलो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही झाडं लावतासा ते बेस हाय. पण आमची म्हस कुठं पाणी पिणार ते ठरवलंय काय?” ठरवलं नव्हतं.

दोन उतार त्यांनीच दाखवले, जिथून म्हशी नेहमी जातात. तिथे डबर बसवून पक्के पाणवठे केले आणि खाणीचा खड्डाही म्हशींना मोकळा ठेवला. बदल्यात मधला काठ तीन पावसाळे बंद. गवत मात्र विळ्याने कापून न्यायची सगळ्यांना मुभा. राखणीला त्यांच्याच घरातला एक मुलगा ठेवला. त्यानंतर कुंपणाची गरज उरली नाही.

परिणाम

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा मोठा पूर आला. दोन दिवस काठ दिसतच नव्हता. पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा वाळुंज सगळे खाली झोपलेले, अंगावर गवत आणि प्लास्टिक अडकलेलं. वाटलं, संपलं. आठ दिवसांनी ते उभे होते. त्यांच्या मागे वीतभर ताजा गाळ थांबला होता, भातात जायचा तो काठावर. त्या वर्षी शेतकरी मामांच्या पाटाचं तोंड बुजलं नाही.

मशीन न गेलेल्या कोपऱ्याची गोष्ट सांगायची राहिली. तिथेही आम्ही त्याच दिवशी, त्याच बिया, तेच शेणखत टाकलं होतं. २०२३ साली पाऊस ओढला, राज्यातल्या बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तोवर फोडलेल्या जमिनीतला करंज डोक्याच्या वर गेला होता. कोपऱ्यातला गुडघ्याएवढा होता, आणि त्या उन्हाळ्यात तोही गेला. दहा पावलांचं अंतर. काम बघायला येणाऱ्याला मी आधी त्या कोपऱ्यात नेतो.

सगळं चांगलं झालं असं नाही. वरच्या पट्ट्यातला ताम्हण फारसा जगला नाही. मोकळी झालेली माती रानमोडीलाही आवडली. तिला कापलं तर ती जोमाने फुटते, म्हणून फुलायच्या आत, दिवाळीच्या सुमारास, मुळासकट उपटावी लागते. हे काम सलग चार वर्षं महिला संघाने केलं, आणि त्याच्या मजुरीसाठी कुठल्याच योजनेत रकाना नव्हता. लावणीला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. असल्या कामांचं खरं मरण तिथे आहे.

ओढा आता फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वाहतो. याचं श्रेय एकट्या काठाला देता येणार नाही, पाऊसही दरवर्षी वेगळा. पण खड्ड्याच्या उताराकडून पाणी पाझरून ओढ्याला मिळतं ते डोळ्यांना दिसतं. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाला पोरं चढणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरायला तिथे उभी होती. खाण चालू असताना ती खालच्या पुलाशी जात.

पुन्हा करायचं झालं तर

जमीन सपाट करणार नाही. झाड लावायच्या आधीच्या उन्हाळ्यात बादलीचं पाणी ओतून बघेन आणि जिथे ते मुरत नाही तिथे एकही रोप नेणार नाही. पहिल्या वर्षी फक्त जमीन फोडायची, डबराच्या ओळी रचायच्या, आणि एक पावसाळा ओढा कुठे घासतो, कुठे गाळ टाकतो ते बघत बसायचं. लोकांना हे पटवणं अवघड आहे. वर्षभर काही लावलं नाही तर काम झालं असं कोणाला वाटत नाही, पैसे देणाऱ्यांनाही नाही आणि आम्हालाही वाटलं नव्हतं.

ते एक वर्ष थांबलो असतो तर मोरीचा दोष वेळेत दिसला असता. ओढ्याच्या वरच्या वळणावर रस्त्याची एक अरुंद मोरी आहे. पुरात तिच्यातून पाणी नळातून सुटावं तसं सुटतं आणि समोरच्या काठावर आदळतं. तिथली चाळीस पावलं आम्ही तीनदा लावली आणि तीनदा गेली. वाळुंजही टिकला नाही. पाण्याचा मारा कमी केल्याशिवाय तिथे कोणतंच झाड टिकणार नाही, आणि मोरी रुंद करणं आमच्या हातात नाही.

जमिनीचा कागद पहिल्या बैठकीतच करून घेईन. जुने मालक गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाला ती जमीन विकायची आहे आणि तीस पावलांच्या शब्दाची त्याला माहिती नव्हती. तो अडून बसलेला नाही, ऐकून घेतो. पंचायतीच्या ठरावाची नक्कल काढून आम्ही त्याला दिली आहे, आणि पट्टा उताऱ्यावर वेगळा नोंदवून घेता येईल का याची तहसील कार्यालयात विचारणा चालू आहे.

मोरीसमोरच्या चाळीस पावलांत या उन्हाळ्यात झाडं न लावता मोठं डबर टाकायचं ठरलं आहे. डबराच्या फटींत शेरणी खोचून बघायची आहे. अक्कांना आता चढण झेपत नाही, पण उगमाकडची शेरणी कुठल्या खडकाजवळ चांगली आहे ते त्यांनी नातवाला दाखवून ठेवलंय.